माझं नाक, अण्णाची वाईन

थोरल्या भावाने माझ्या नाकापुढे पहिल्यांदा ग्लास धरला तेव्हा मी चुक्याची भाजी निवडत बसले होते. नुकतीच शाळेतून आले होते. चहा व्हायचा होता, आणि नववीच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडला होता.

"काय वास यायलाय सांग," अण्णा म्हणाला.

"दारूचा."

"दारूचा म्हंजे कसला?"

"दारूचा म्हंजे दारूचा. सरक तिकडं, भाजीवर सांडशील."

तो सरकला नाही. ग्लास उलट आणखी जवळ आणला, मनगटाने गोल फिरवला, आतलं काळपट लाल पाणी काचेवर चढलं आणि हळूहळू खाली ओघळलं. "फळ कोणतं? मसाला कोणता? लाकूड हाय का? माती हाय का? नीट हुंग की जरा."

मी चुक्याची जुडी ताटात आपटली आणि म्हणाले, "हे बघ अण्णा, ह्या घरात आजवर बाटली आली न्हवती. तू आणलीस, मी गप बसले. वरच्या खोलीत बसून काय प्यायचं ते पी. माझ्या स्वयंपाकघरात नको."

"स्वयंपाकघरातच पायजे," तो म्हणाला. "इथंच सगळे वास हायत."

आमच्या घरात बाटली आली नव्हती हे मी उगाच म्हणत नव्हते. आजोबांच्या पिढीत आम्ही धम्म स्वीकारला. वडील दर रविवारी आम्हाला विहारात घेऊन जात आणि पाचही शीलं मोठ्याने म्हणायला लावत. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं शील आलं की त्यांचा आवाज आणखी चढायचा, कारण वस्तीत ते मोडणारे बरेच होते आणि त्यांना ते ऐकू जावं अशी त्यांची इच्छा असायची. पुढे मला नोकरी लागली, पहिलीच नेमणूक हळ्ळीखेडला, तेव्हा मी तिथल्या बायकांबरोबर दारूच्या दुकानासमोर उन्हात बसले होते. दुकान थोडे दिवस बंद राहिलं आणि मग पलीकडच्या गल्लीत उघडलं. पण बसले होते हे खरं. अशा बाईच्या ओट्यावर आता हिंगाच्या डबीशेजारी लाल वाईनच्या बाटल्या उभ्या होत्या.

अण्णा वीस-बावीस वर्षांचा असताना हैदराबादला हॉटेलात भांडी घासायला गेला. तिथून मुंबईला, आणि तिथून जहाजावर. माल नेणारं जहाज नव्हे, प्रवाशांचं, सात-आठ मजली. आधी पाणी भरणारा, मग वाढपी, आणि शेवटी, इंग्रजी आणि जीभ दोन्ही चांगली निघाली म्हणून, वाईनचा माणूस. गोऱ्या लोकांना जेवणाबरोबर कोणती बाटली घ्यावी हे सांगायचं काम. ह्या कामाला पगार मिळतो हे आम्हाला पटायला बरीच वर्षं लागली. आई तर शेवटपर्यंत बायकांना सांगायची, "पोरगं जहाजावर सरबताच्या खात्यात हाय."

लग्न त्याने केलं नाही. कोरोनात जहाजं बंद पडली तसा तो परत आला आणि इथे कर्नाटकात, हुमनाबादला आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहू लागला. माझी मुलगी पुण्यात नोकरीला, घरात मी आणि माझे यजमान. ते बस डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. दिवसाला मोजून बोलतात आणि सातला जेवतात. अण्णा आल्याचा त्यांना त्रास नव्हता. मला होता, असंही नाही. सुरुवातीला तर बरंच वाटलं. त्रास सुरू झाला तो ग्लासपासून.

एकदा मी त्याचा पातळ काचेचा ग्लास तारेच्या घासणीने घासला, तर तो जिन्यावरून ओरडत खाली आला. साबणही लावायचा नाही म्हणे, नुसतं गरम पाणी, आणि पुसायला वेगळं फडकं. रिकाम्या बाटल्यांचं आणखीच. मी शाळेतली बाई, दाराबाहेर बाटल्या दिसल्या तर गावभर होईल. म्हणून यजमान त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत वर मेथी ठेवून भंगारवाल्याकडे नेत. मेथी मात्र परत आणत.

आणि रोज संध्याकाळी ते हुंगणं. मी म्हणाले, मी पिणार नाही. तो म्हणाला, पिऊ नकोस, तोंडात घोळव आणि थुंकून टाक, मोठमोठे जाणकार थुंकतातच. ह्यावर आमचा दोन दिवस वाद चालला. थुंकलं तर शील मोडतं की नाही? मी विज्ञान शिकवते, तोंडातूनही थोडंफार आत जातं हे मला ठाऊक आहे. शेवटी मी ठरवलं की वास घेईन, फार तर जिभेला लावीन आणि लगेच चूळ भरीन. यजमान जेवता जेवता एवढंच म्हणाले, "चूळ दोनदा भर."

"ही दारू न्हवं, वाईन हाय," अण्णा सारखा म्हणायचा.

"बाटलीवर तेरा टक्के लिवलंय. तेरा टक्के काय, ताक हाय का?"

तो ह्यावर नुसता पुढचा ग्लास पुढे सरकवायचा.

मला सर्वांत जास्त चीड ह्याची यायची की तो स्वतः काहीच सांगायचा नाही. मी विचारायचे, "तुला काय वास यायलाय ते तरी सांग." तो म्हणायचा, "तू आधी सांग." मी सांगितलं की डोळे मिटून मान हलवायचा आणि म्हणायचा, "आणखी?" आणखी काय? दिवसभर साठ पोरांना प्रकाशाचं परावर्तन कानडीत समजावून आलेल्या बाईच्या नाकात आणखी काय उरणार? मला वाटायचं, ही त्याची शिकवायची पद्धत आहे. मीही वर्गात उत्तर लगेच सांगत नाहीच. पण मी पोरांना तास संपल्यावर तरी सोडते.

पण नाक ही चमत्कारिक गोष्ट आहे. चिडत चिडत का होईना, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ग्लास वेगवेगळे वाटायला लागले. कॅबर्ने नावाची वाईन होती, तिच्यात मला कापलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला. मी ते वैतागून बोलून टाकलं, तर अण्णा टेबलावर हात आपटून उठला. "बरोब्बर! पुढं?" पुढे पेन्सिलला टोक काढल्यावर येतो तो लाकडाचा वास. आणि जिभेला लावली की पानात कात जास्त झाल्यासारखी जीभ आखडायची. मर्लो तिच्यापेक्षा सौम्य, पिकून मऊ पडलेल्या आलुबुखाऱ्यासारखी, कोणाशी भांडण नसलेली. शिराजमध्ये काळी मिरी, अगदी नुकती कुटलेली, आणि तिच्यामागे जांभूळ. ही मला त्यातल्या त्यात आवडली, पण मी ते कबूल केलं नाही.

हे असं का, म्हणून विचारलं तेव्हा त्याने पहिल्यांदा काहीतरी धड सांगितलं. काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक पांढराच असतो. रंग सालीतून येतो, आणि जीभ आखडवणारा तुरटपणाही साल-बियांतूनच. ज्या द्राक्षाची साल जाड, ती वाईन काळी आणि तुरट. ज्याची साल पातळ, ती फिकी आणि नाजूक. मी बाजारातून काळी द्राक्षं आणून एकेक साल सोलून पाहिली. खरंच, आत फिकट हिरवा गर. पुढच्या आठवड्यात हे मी वर्गात सांगितलं, द्राक्षाबद्दल. वाईनबद्दल अर्थातच नाही.

त्याच सुमारास एकदा ग्लास धुताना मला फोन आला आणि साबण नीट निघाला नाही. संध्याकाळी मी वास घेतला तर वाईनला सरळ भांड्याच्या साबणाचा लिंबू वास. मी गंमत म्हणून गप्प बसले, आता हा ओरडेल म्हणून. त्याने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "छान हाय. तू सांग." मला वाटलं, माझी परीक्षा घेतोय.

मग तो शनिवार आला. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी घरी आले तर फाटकातच गॅसचा वास. चप्पल न काढता आत पळाले. ओट्यावर दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, बटण तसंच चालू, खिडक्या बंद. आणि अण्णा दुसऱ्या शेगडीवर चहाचं भांडं ठेवून हातात लायटर घेऊन उभा.

मी काय ओरडले ते आठवत नाही. लायटर हिसकावला तो हातातून निसटून मोरीत गेला. खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्याला दंडाला धरून अंगणात ओढत आणलं. यजमान लिंबाच्या झाडाखाली तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. तेही उठून उभे राहिले.

"तुला वास न्हाई आला?" मी विचारलं.

"कसला?"

"गॅसचा! सगळं घर भरलंय. फाटकात वास यायलाय."

त्याने मग खाली मान घातली. मला एका क्षणात साबणाचा ग्लास आठवला, ते 'तू आधी सांग' आठवलं, गेल्या महिन्यात करपून गेलेली खीर आठवली जी त्याने दोन वाट्या खाल्ली होती.

"कवापासून?" मी म्हणाले.

"तापापासून. जहाजावर."

जहाज बंदरात अडकलेलं असताना त्यालाही कोरोना झाला होता. ताप गेला, खोकला गेला. एके सकाळी त्याने कॉफीची पुडी फोडली आणि काहीच आलं नाही. सर्दी असेल म्हणून थांबला. मग एका मोठ्या बाटलीतली उरलेली वाईन ओतली आणि तोंडात घेतली. "आंबट कळलं, तुरट कळलं. बाकी नुसतं पाणी, बाई. कात घातलेलं पाणी." जहाजं पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी बोलावलं होतं. त्याने तब्येतीचं कारण सांगितलं. आम्ही इतके दिवस समजत होतो की कंपनीनेच काढलं.

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू कीव केली असतीस. मला कीव नको होती. नाक पायजे होतं."

मला इतका राग आला की मी घरात गेले आणि दूध सांडलेला ओटा घासत बसले. आपल्या सगळ्यांचा जीव गेला असता आणि ह्याला नाक पाहिजे. यजमानांनी आत येऊन गॅसची नळी तपासली, नवीन पट्टा आवळला आणि म्हणाले, "त्यांना चहा मी करून देत जाईन." त्या दिवसापासून आजतागायत दुपारचा चहा तेच करतात. एवढं एका दमात ते कधी बोलले नव्हते.

नाक का हवं होतं, तेही मग कळलं. हमरस्त्यावर एका अप्पांचं मोठं हॉटेल आहे, खाली खाणावळ, वर खोल्या. पुणे-हैदराबाद जाणारी गाड्यांतली मंडळी तिथे उतरतात. अप्पा स्वतः बसवण्णांना मानणारे, कपाळाला विभूती, कांदासुद्धा सोमवारी न खाणारे. पण त्यांनी मागच्या बाजूला नवीन भारी रेस्टॉरंट बांधलं होतं, परवाना काढला होता आणि कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की हैदराबादचे लोक आता वाईन मागतात. अण्णाने त्यांना शब्द दिला होता की लाल वाईन मी निवडून देतो आणि तुमच्या वाढप्यांनाही शिकवतो. वास येत नाही हे सांगितलं नव्हतं.

"सांगून टाक त्यास्नी," मी म्हणाले.

"एकदा तू संगं चल. बाटल्या निवडू, मग सांगतो."

"मी? हायस्कूलची बाई? हाटेलात बसून वाईन हुंगू?"

"दुपारी चल. कुणी न्हाई येत दुपारी."

मी नाही म्हणाले. आठवडाभर नाही म्हणाले. त्याने ग्लास आणणं बंद केलं. संध्याकाळी नुसता ओट्याशी येऊन उभा राहायचा. मी फोडणी टाकायचे आणि तो कढईकडे बघत राहायचा, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघाव्यात तसा. ते मला ग्लासपेक्षा जास्त असह्य झालं. गेले.

अप्पांनी दारातच हात जोडले. "बर्री, टीचर, बर्री. या, बसा." माझ्या हाताखालून त्यांचा नातू शिकून गेला होता, त्यामुळे लाजेने मी निम्मी झाले. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बाटल्या, आणि शेजारी हैदराबादहून आलेला विक्रेता, टाय बांधलेला. अण्णाने सांगितलं, "ही माझी बहीण. मी ओततो, ती टिपून घेती." टिपायला माझ्या हातात पेन होतं, पण ठरलं असं होतं की आम्ही दोघं एकाच ग्लासातला वास घ्यायचा आणि मी हळूच आमच्या बोलीत त्याला सांगायचं. मग त्याने ते साहेबी भाषेत मोठ्याने म्हणायचं.

पहिल्या दोन-तीन बाटल्या व्यवस्थित पार पडल्या. मी म्हणाले, "ढोबळी मिरची, पेन्सिल." अण्णा म्हणाला, चांगली कॅबर्ने, लाकडी पिंपात मुरलेली, मटणाबरोबर चालेल. मी म्हणाले, "मिरी, जांभूळ, थोडा धूर." तो म्हणाला, शिराज, तिखट जेवणाला हीच ठेवा. एक बाटली उघडली तर मनुका शिजवून करपवल्यासारखी. अण्णाने विक्रेत्याला विचारलं, माल उन्हात उभ्या गाडीत राहिला होता का? विक्रेता गडबडला. अप्पा खूश झाले. मीही, खोटं कशाला बोलू, खूश झाले. तिथेच माझं चुकलं.

शेवटची बाटली सर्वांत महाग होती. रंग फिका, ग्लासापलीकडची बोटं दिसत होती. वास घेतला आणि मला ओल्या गोणपाटाचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा वास आला. मी जरा जोरातच म्हणाले, "खराब हाय. कुजकी." अण्णाने बाटली बाजूला सारली आणि म्हणाला, ही बिघडली आहे, ही नको.

विक्रेता म्हणाला, "सर, ही पिनो आहे. परदेशी आहे. दुसरी फोडू का?"

दुसरी फोडली. मला पुन्हा तेच गोणपाट. "हीबी तसलीच," मी कुजबुजले. अण्णा ठामपणे म्हणाला, सगळी पेटीच खराब दिसते. विक्रेत्याने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही पिनो कधी घेतलीये?"

"मी कुठलीच घेत न्हाई," मी म्हणाले.

अप्पा हसले. विक्रेता हसला नाही. त्याने फोडलेली एक बाटली बूच लावून अण्णाच्या हातात दिली. "सर, घरी निवांत बघा," म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं असं मला वाटलं.

परत येताना रिक्षात अण्णा फुटला. "माती आन् कुजकं ह्यातला फरक कळंना तुला? पिनोला मातीचा वास असतोच! पानगळीचा, आळंब्यांचा. त्याच्यासाठीच लोक पैसे मोजतेत!"

"मग तू कामून न्हाई बोल्लास? फिकी दिसत न्हवती का तुला? डोळे तर हायत की!"

"दिसत होती. पण तू खराब म्हणलीस. मी तुझ्यावर इसंबलो."

"मी सांगितलं होतं का, माझ्यावर इसंब म्हणून? मी चुका निवडणारी बाई!"

रिक्षावाला आरशातून बघत होता. आम्ही दोघंही साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि भांडत होतो आळंब्यांवरून. 

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारातून आले, पाचवं शील म्हणून आले, आणि दुपारी कोणी बघत नाही असं पाहून ती पिनोची बाटली मीच उघडली. ग्लासात थोडी ओतली आणि तशीच ठेवून काळा मसाला भाजायला घेतला. मसाला भाजून झाल्यावर हात धुतले, अंगणात जाऊन नाक मोकळं केलं आणि मग ग्लास उचलला. गोणपाट होतं, पण मागे सरकलेलं. पुढे काहीतरी लाल, आंबटगोड, पिकायला आलेल्या करवंदासारखं. आणि ते ओलं जे होतं ते कुजकं नव्हतं. मसाल्यात मी आत्ताच दगडफूल भाजलं होतं, भाजायच्या आधी त्याला ओल्या झाडाच्या सालीचा जो वास असतो, तो. त्याच्यामागे चहाची पूड. ग्लास फिरवला की ते बदलायचं. बाकीच्या तिघी एकदा कळल्या की कळल्या, ही मात्र दर वेळी वेगळं बोलत होती. मला तिचा राग आला, आणि तरी ग्लास खाली ठेववेना.

अण्णा जिन्यात उभा होता. कधी आला कळलं नाही.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. ह्या वेळी घाई न करता, करवंद, दगडफूल, चहा, शेवटी अगदी बारीक गुलाबाचा वास, विहारात हार सुकल्यावर येतो तसा. तो पायरीवर बसला. त्याने मान हलवली नाही, 'आणखी?' म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, "हीच. मला सगळ्यांत हीच आवडायची." मग मीच त्याच्याजवळ बसले. मसाल्याचं ताट त्याच्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, खडे निवड.

सोमवारी तो स्वतः अप्पांकडे गेला आणि खरं सांगून आला. पिनो खराब नव्हती, आणि मला वास येत नाही. मला वाटलं, संपलं. पण अप्पा म्हणाले म्हणे, "अहो अण्णा, मला तर येतोच, पण कळत काय न्हाई. तुम्ही पोरांना ग्लास धरायला आन् गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवा. तेवढं बास." आठवड्यातून तीन दिवस तो शिकवायला जातो. पहिल्या महिन्यात मात्र घरी आला की डोकं धरून बसायचा. गिऱ्हाइकं गोड लाल वाईन मागतात. फ्रीजमधली मागतात. वर बर्फ घालतात. एकाने शिराजमध्ये लिंबू-सोडा ओतला. "बर्फ, बाई! माझ्या डोळ्यांदेखत!" मी त्याला ताक दिलं आणि मनातून जरा बरं वाटलं. इतके महिने मी जे भोगलं ते आता त्याच्या वाट्याला आलं होतं.

कलबुर्गीला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, खात्री देता येत नाही, उशीरही बराच झालाय, पण सराव करून बघा. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हुंगायची आणि वास मनात आठवायचा. हे काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण तो एकटा बसला की दोन मिनिटांत कंटाळतो. मग मी समोर बसून शाळेतल्यासारखं करवून घेते. महिने गेले, काही नाही. तो रोज म्हणायचा, "न्हाई." मी रोज म्हणायचे, "परत हुंग." त्याच्यावर ओरडायचे, बाटल्या आवरायचे, आणि शाळेला उशीर व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी लवंगेच्या बाटलीशी तो थांबला. पुन्हा हुंगलं. "बाई," म्हणाला, "हे आलं." मी विश्वास ठेवला नाही. डोळे झाकायला लावून चारही बाटल्या उलटसुलट दिल्या. लवंग त्याने प्रत्येक वेळी ओळखली. यजमान चहाचं भांडं घेऊन दारात उभे होते, त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि चक्क टाळी वाजवली.

पण बाकीच्या तीन वासांचा अजून पत्ता नाही. आणि आलेला एक वास तो काही सोडायला तयार नाही. आता त्याला सगळ्यातच लवंग येते. कॅबर्नेत लवंग, मर्लोत लवंग. लाकडी पिंपातल्या वाईनला लवंगेचा वास असतो, त्यामुळे अर्ध्या वेळा तो बरोबरही निघतो आणि मग दिवसभर मला ऐकवतो. काल जेवताना वाटी नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि म्हणाला, "लवंग हाय. थोडी मागं हाय, पण हाय."

"अण्णा," मी म्हणाले, "ते साधं वरण हाय. गप जेव."